पट्टा पडल्यावर

विलायतेत आणि अमेरिकेत लोकांना एक मोठी हौस असते. मोटारीच्या मागे आकड्याने एक चाकावरचे घर जोडायचे, त्यात गादी, शेगडी, भांडीकुंडी, मुले आणि कुत्रा घालायचा, आणि राज्याराज्यांच्या सरहद्दी ओलांडीत रमतगमत घरी परतायचे. अशा प्रवासाची रंगीत चित्रे आपण मासिकांतून पाहिलेली असतात. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली ‘कॅराव्हॅन पर्यटना’चे धोरण जाहीर केले, तेव्हा पुष्कळांना वाटले, चला, आता ही चैन आपल्याकडेही येणार! मला गंमत वाटली ती याची, की चाकावरचे घर पाहायला बारामतीकराला काही परदेशी जावे लागत नाही. कार्तिकापासून चैत्र-वैशाखापर्यंत केव्हाही बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेला तासभर उभे राहावे. एका ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, आणि त्या ट्रॉल्यांत दहा-दहा कुटुंबांचे संसार जाताना दिसतील. हौस मात्र दिसणार नाही.

हे लोक म्हणजे ऊसतोड कामगार. बीड, नगर (म्हणजे आताचे अहिल्यानगर), जालना, धाराशिव अशा जिल्ह्यांतून ते येतात, सहा महिने आमच्याकडे राहतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत जातात. ‘पट्टा पडणे’ म्हणजे गळीत हंगाम संपणे. मी मराठीचा मास्तर, तेव्हा शब्दांवर थोडे रेंगाळलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. या धंद्याची भाषाच निराळी आहे. हंगाम सुरू होतो तो ‘गव्हाणीत मोळी टाकून’. एरवी गव्हाण गुरांची. इथे उसाची मोळी यंत्राच्या तोंडी जाते ती जागा. ‘फड’ म्हटले की तुम्हाआम्हाला तमाशा नाहीतर कुस्ती आठवते. इथे फड म्हणजे तोडीला आलेला ऊस. आणि सगळ्यांत विलक्षण शब्द ‘कोयता’. कोयता हे हत्यार खरेच, पण मुकादमाच्या वहीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. “यंदा किती कोयते आणले?” असे विचारतात. एकटा पुरुष आला तर तो ‘अर्धा कोयता’. माणसाला हत्याराच्या नावाने मोजणारी ही भाषा प्रथम ऐकली तेव्हा मला फार खटकली. पुढे लक्षात आले, की आमच्याकडच्या दुसऱ्या कुठल्याही वहीत बाईची मजुरी नवऱ्याच्या बरोबरीने एका आकड्यात धरलेली नसते. अर्थात तो आकडा हातात घेतो नवराच, ते वेगळे.

हे येणे-जाणे सुरू झाले ते पाण्यामुळे. बारामती आणि इंदापूर हे मूळचे दुष्काळी तालुके. १८८५च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि माळरानावर ऊस उभा राहिला. विश्वेश्वरय्यांनी पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत बसवली ती याच कालव्यावर, विसाव्या शतकाच्या आरंभी. आधी गुऱ्हाळे होती. मग १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसले. १९५०नंतर प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा कित्ता महाराष्ट्रभर गिरवला गेला. आमच्याकडे माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, सोमेश्वर, पुढे इंदापूरचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा अशी धुराडी एकामागून एक उभी राहिली. १९८०मध्ये उजनीचे धरण पुरे झाले आणि इंदापूरच्या उत्तर अंगाला भीमेचे पाणी पसरले. ऊस वाढला. तो तोडायला हात हवे होते, आणि भीमेच्या पलीकडे, बालाघाटच्या डोंगराळ मुलखात, खरिपाचे एक पीक घेतल्यावर हातांना काम नव्हते. एवढा सरळ हिशेब आहे. सरळ हिशेब नेहमी न्याय्य असतोच असे नाही.

आजचे लोक ट्रॅक्टरने किंवा ट्रकने येतात. टायरच्या बैलगाडीवर ऊस वाहणारेसुद्धा आता गाडी-बैल ट्रकवर चढवून आणतात. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी सगळा प्रवास बैलगाडीचाच. पाटोद्याकडच्या एका म्हाताऱ्या मुकादमांनी मला सांगितले, की त्यांच्या लहानपणी बारामतीला पोचायला आठवडा लागे. गाडीत दाणे, भांडी, लहान पोरे आणि बाळंतीण; बाकीचे पायी. आसाखाली कंदील टांगलेला, रात्री त्याच्या उजेडात बैलांचे पाय तेवढे दिसायचे. त्यांचे आजोबा त्याही आधी, निजामाच्या अमदानीत, गुळाच्या हंगामात इकडे येत. तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात आणि नगर-पुणे इंग्रजांकडे. मध्ये सरहद्द होती, नाके होते आणि करोडगिरी, म्हणजे जकात, होती. नाणेसुद्धा दोन तऱ्हेचे! इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का. सहा कलदाराला साधारण सात हाली. “आजा म्हणायचा, कलदार कंबरंला आन् गूळ डोक्यावर. नाक्यावर गुळाचं बघत्यात, कंबरंचं कोण बघतंय?” म्हातारबुवांनी हे सांगताना कंबरेला असा काही हात लावला, की कलदार अजून तिथेच असावेत!

सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० पासून दोन्ही बाजू एका महाराष्ट्रात आल्या. सरहद्द पुसली गेली असे आम्ही वर्गात शिकवतो. ते मला वाटते तेवढे खरे नाही, हे मी २०२२ सालच्या मे महिन्यात शिकलो.

त्या वर्षीचा हंगाम चमत्कारिक होता. राज्यात ऊस इतका झाला, की मार्च-एप्रिलमध्ये पडणारा पट्टा मे महिना आला तरी पडेना. महाराष्ट्राने त्या हंगामात १३७ लाख टनांच्या आसपास साखर केली आणि उत्तर प्रदेशाला मागे टाकले. वर्तमानपत्रांनी याचे कौतुक केले ते योग्यच. पण वैशाखाच्या उन्हात, पाचट पेटवलेल्या फडात, काजळीने काळे होऊन ऊस तोडणे काय असते ते कौतुकात आले नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा आष्टी तालुक्यातला. आईवडील वर्षाचे सहा महिने इकडे, म्हणून हा शिकायलाही इकडेच. परीक्षा आटोपल्यावर तो वडिलांच्या टोळीबरोबर ट्रॉलीतून गावी जाणार होता. मलाही सुट्टी होती. “मी येऊ का?” म्हणून विचारले. तो संकोचला. वडिलांनी मात्र, “या की सर, जागा करू,” म्हणून निकाल लावला. कायद्याने ट्रॉलीत माणसे बसवता येत नाहीत, हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही. दुसरे वाहन करायचे तर टोळीने आपल्या पदरचे पैसे घालायचे, एवढाच त्याचा अर्थ.

वैशाखी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. भवानीनगरच्या बाजूच्या एका माळावर संध्याकाळी आवराआवर सुरू झाली. कोपी मोडायला अर्धा तास पुरतो. सहा महिन्यांचे घर अर्ध्या तासात! बांबू, ताडपत्र्या आणि चटया ट्रॉलीच्या तळाला. त्यावर ज्वारीची पोती, पत्र्याच्या पेट्या, घागरी, सायकली. त्यावर गोधड्या, आणि गोधड्यांवर माणसे. मागच्या ट्रॉलीत तीन शेळ्या आणि त्यांच्यापुरती वाढ्यांची पेंढी. कोंबड्या डालग्यात. कुत्रे कुणी चढवले नाही, ते आपले आपण चढले. मातीची चूल तेवढी बायकांनी मागे ठेवली. तिला हळदकुंकू वाहिले आणि एकीने तिच्यावर पालथी पाटी घातली. मी विचारले, “पाटी कशाला?” तर म्हणाली, “पावसानं विरघळू नये. फुडल्या साली कुणी का येईना, आयती चूल मिळंल.”

ट्रॅक्टरचा चालक विशीतला पोरगा. त्याने दोन्ही ट्रॉल्यांच्या पिना हातोडीने ठोकून पाहिल्या, मागे लाल कापड आणि चकाकणारी पट्टी लावली आणि टेपवर मोठ्याने गाणे सोडले. डबल ट्रॉली चालवणे सोपे नव्हे. ऊस भरलेला असताना वजनाने ती निदान एका रेषेत येते; संसार भरलेली हलकी ट्रॉली वळणावर आणि उतारावर शेपटासारखी हलते. मागच्या ट्रॉलीच्या टोकाला म्हणून म्हातारे आणि मुले बसवीत नाहीत. तिथे टोळीतले तरणे गडी पाय सोडून बसतात आणि मागून मोटार आली की बॅटरी दाखवतात. मला पुढच्या ट्रॉलीत, पोत्याला टेकून, मधोमध जागा दिली होती. ती मानाची जागा. तिथून चंद्र दिसतो आणि रस्त्याचे काही दिसत नाही.

याच रस्त्याने आषाढाच्या सुमारास तुकोबांची पालखी जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम पडतात. बेलवाडीला रिंगण होते. तेव्हा गावेच्या गावे रस्त्यावर पाणी आणि पिठले-भाकरी घेऊन उभी असतात. आमच्या ट्रॉलीला पाहून कुणी थांबले नाही, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. रोज जाणाऱ्यांसाठी कोण थांबतो? भिगवणला पुणे-सोलापूर महामार्ग ओलांडताना मात्र आम्ही पाव तास अडकलो. भरधाव मोटारींच्या रांगेत दोन ट्रॉल्यांएवढी फट मिळेना. भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईचे लोक दुर्बिणी घेऊन येतात. त्या पाहुण्या पक्ष्यांचे येणे-जाणे कसे तारखेबरहुकूम असते, याचे सचित्र लेख येतात. असो.

रात्री अकराच्या पुढे भीमा आली. उजनीच्या फुगवट्याचे पाणी उन्हाळ्यामुळे आत सरले होते. पुलाच्या अलीकडे चालकाने इंजिन थंड करायला ट्रॅक्टर थांबवला. सगळे खाली उतरले. मुलाची आई पुलाकडे पाहत उभी होती. “हितंच परत फिरवलं हुतं आमाला,” ती म्हणाली.

ती २०२०ची गोष्ट. मार्चच्या २३ तारखेला राज्यातल्या जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या. दोन दिवसांनी गुढीपाडवा होता. त्या पाठोपाठ टोळीचे काम थांबले. घरी सासू आणि नऊ वर्षांची लेक. मुलगा आईवडिलांजवळ. टोळीने सामान भरले आणि रात्रीच्या रात्री निघाली. पुलावर बॅटऱ्या चमकल्या. पलीकडे नगर जिल्हा, त्याच्यापुढे बीड. कुठल्याच जिल्ह्यात यांना जायचा हुकूम नव्हता आणि इकडे परत राहायला कोपीही उरली नव्हती. “ते म्हनले, मागं जा. आमी म्हनलं, मागं कुठं? माळावर? तर म्हनले, जितनं आला तिथं.” बाई अगदी सपाट आवाजात सांगत होती. पोलिसांवर तिचा राग नव्हता. “त्यांच्याबी तोंडाला फडकी हुती. त्येबी भ्यालेलेच.”

मोडलेली कोपी त्यांनी त्याच माळावर पुन्हा उभी केली. ज्वारी संपत आली. गावाकडे धान्य मिळायचे रेशनकार्ड होते, ते सासूच्या पेटीत. इथल्या दुकानाच्या यादीत यांचे नाव नव्हते आणि गावच्या दुकानात जायला हे नव्हते. मोबाइलवर लेक रोज एकच विचारी, “कधी येणार?” १७ एप्रिलला सरकारने निर्णय केला, की कारखान्यांवर अडकलेल्या मजुरांची तपासणी करून, याद्या करून, त्यांना गावी सोडावे. त्या वेळी ३८ कारखान्यांवर सुमारे १ लाख ३१ हजार कामगार असे होते. एका मोठ्या शहराएवढी वस्ती, आणि जमिनीवर तिचा मागमूस म्हणजे चटयांच्या कोप्या!

टोळीची पाळी आली. ट्रॉली पुन्हा भरली, कागद दाखवून भीमा ओलांडली, सीना ओलांडली, गाव आले. गावच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. गावकरी म्हणाले, चौदा दिवस शेतात राहा. शेत घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या शेतात पुन्हा कोपी उभारली, एका हंगामात तिसऱ्यांदा. सासू रोज सांजेला बांधावर येऊन भाकरी ठेवी आणि मागे सरे. लेक आजीच्या लुगड्याला धरून उभी. “एक दिस पोरगी पळत आली. हितवर आली,” बाईने हाताने अंतर दाखवले. “मी दगड उचलला.” एवढे बोलून ती ट्रॉलीत चढली. मुलाने मला हळूच सांगितले, की दगड मारला नाही, नुसता उगारला. पण बहीण नंतर कितीतरी दिवस आईजवळ निजायला गेली नाही.

पहाटे आम्ही राशीनला पोचलो. राशीनच्या देवीच्या देवळातल्या हलत्या दीपमाळा प्रसिद्ध आहेत. वर चढून हलवले की मनोरा डोलतो. टोळीतल्या बायका तळ्यावर, नळावर, जिथे मिळेल तिथे तोंडे धुऊन देवीला जाऊन आल्या. जाताना आणि येताना देवीला नारळ द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. जातानाचा नारळ उचलीतून, येतानाचा कमाईतून, असे एकीने हसत सांगितले. येताना कमाई उरली नसली तर? “तर मग खोबऱ्याची वाटी.”

उचलीचे गणित सांगितले पाहिजे, कारण सगळा गाडा तिच्यावर चालतो. हंगामाच्या आधी मुकादम जोडीमागे पन्नास हजारांपासून लाखापर्यंत रक्कम आगाऊ देतो. ती लग्नात, दवाखान्यात, नाहीतर मागच्या देण्यात जाते. मग कोयता ती फेडीत राहतो. २०२२ साली तोडणीचा दर टनाला २७३ रुपये होता. जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. मोळ्या बांधून, डोक्यावरून फळीवर चढून ट्रॉलीत भरायच्या, ते त्यातच आले. जानेवारी २०२४च्या समझोत्याने हा दर ३४ टक्के वाढून ३६६ झाला. वाढ चांगली आहे. पण ती कोयत्याच्या हातात पडण्यापूर्वी उचलीच्या वहीतून जाते, आणि दिवस बुडाला तर ‘खाडा’ म्हणून त्यातून दंड कापला जातो. बाईला मुलाला दवाखान्यात न्यायचे असले तरी तो खाडाच.

कर्जत मागे पडले, मिरजगाव गेले. ऊन चढले तशा ट्रॉलीवर ताडपत्री ताणली. तिच्याखाली भट्टी झाली, पण गप्पांना रंग चढला, कारण घर जवळ आले होते. सीना नदी या भागात काही अंतर दोन जिल्ह्यांची हद्द होऊन वाहते. मे महिन्यात तिच्यात वाहण्यासारखे फारसे काही नव्हते. ज्या नदीवर एकेकाळी दोन राज्ये संपत होती, ती आम्ही कोरडीच ओलांडली. पलीकडे गेल्यावर मी एक गोष्ट पाहिली. बारामतीकडे हे लोक मला, ट्रॅक्टरवाल्याला, दुकानदाराला सरसकट ‘मालक’ नाहीतर ‘साहेब’ म्हणत, आणि ते त्यांना ‘ए बीडवाल्या’ म्हणत. सीनेपलीकडे पहिल्याच चहाच्या टपरीवर मुलाच्या वडिलांना “या अण्णा, पट्टा पडला वाटतं!” अशी हाक आली. वडिलांनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. सहा महिने कोयता असलेला माणूस तिथे परत अण्णा झाला.

गावात पोचायला अकरा वाजले. सासूबाई ओट्यावरच होत्या. लेक आता अकरा वर्षांची. ती आधी शेळ्यांकडे गेली, मग भावाकडे. आईकडे तिने थोड्या वेळाने पाहिले. आईने पेटीतून परकराचे कापड काढून दिले, ते तिने अंगाला लावून पाहिले आणि मग एकाएकी आईच्या कमरेला मिठी मारली. आम्ही पुरुषमाणसे सामान उतरवण्याच्या निमित्ताने तिकडे पाठ करून उभे राहिलो.

दुपारी मुकादमाने वही काढली. या जोडीची उचल ऐंशी हजार. खाडे आणि दुखण्याचे दिवस वजा जाता अंगावर बारा हजार उरले. हंगाम दोन महिने लांबूनही! वडील काही बोलले नाहीत. मुकादमही वाईट माणूस नव्हता; त्याच्या डोक्यावर ट्रॅक्टरवाल्याची उचल, ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्यावर कारखान्याची. त्याने आंगठा घेतला नाही, सही घेतली. मुलाने वही हातात घेऊन बेरीज पुन्हा केली. ती बरोबर निघाली.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारने २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना काढली आहे. ४१ तालुक्यांत मुलींचे आणि मुलांचे मिळून ८२. मी त्या घरी लेकीसाठी तिची गोष्ट काढली. सासूबाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, “सुट्टीत घरी सोडत्यात ना?” मी हो म्हटले. “पर सुट्टी दिवाळीत. दिवाळीत घरी कोण असतंय?”

सप्टेंबरात नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे सुरू झाली, तेव्हा मुलाने मला फोटो पाठवला; स्टेशनवर सारा गाव लोटला होता. त्या वर्षी दसरा ५ ऑक्टोबरला होता आणि कारखाने १५ तारखेला सुरू होणार होते. मुकादम आधीच येऊन गेला होता. त्याने एक लाखाची उचल दिली, मागचे बारा हजार कापून अठ्ठ्याऐंशी हजार हातात आले. दिवाळीत टोळी निमगाव केतकीच्या शिवारात उतरली होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी फराळाचा डबा घेऊन गेलो, तेव्हा कोप्यांत म्हातारी माणसे आणि पोरे तेवढी होती. बाकीचे फडात गेले होते, ट्रॉली भरायची होती.